येण्याची वेळ सोडा, जाण्याची वेळ धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पुण्यात कर्वेनगरला नऊ जणांचा डिझाईन स्टुडिओ आहे, ब्रँडिंग, पॅकेजिंग आणि थोडं मोशनचं, म्हणजे हलत्या चित्रांचं काम, टायमिंग सगळ्यांना मोकळं ठेवलंय, तर आता कोणी ११ ला उगवतं कोणी १ ला, रात्री १० पर्यंत लाईट चालू आणि डेडलाईन तरीही चुकतातच. म्हणून बायोमेट्रिक मशीन बसवून १० ते ७ फिक्स करावं का, तसं केलं तर चांगली पोरं सोडून जातील का, आणि शनिवारचं काय करायचं.

सरळ सांगते, मशीन घेऊ नका. पण आत्ता जे चाललंय तेही चालू ठेवू नका, कारण त्याला फ्लेक्सिबल म्हणत नाहीत, त्याला कोणीच काही ठरवलेलं नाही असं म्हणतात. मी आधी प्रिंट प्रॉडक्शन आणि मग ॲनिमेशन स्टुडिओचं शेड्युलिंग असं दोन्ही केलंय, म्हणजे कोणाचं काम कोणाकडे कधी जाणार हे ठरवणं हेच माझं पोट, आणि त्यावरून माझं मत पक्कं झालंय की आपल्याकडे सगळे चुकीच्या टोकाला धरून बसतात. येण्याच्या वेळेवर भांडणं, लेट मार्क, तीन लेट मार्कला हाफ डे कट, आणि जाण्याच्या वेळेबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. खरं तर उलटं पाहिजे.

फ्लेक्सी टायमिंग ही काही स्टार्टअपवाल्यांनी काढलेली गोष्ट नाहीये बरं का. म्युनिकजवळ ओटोब्रुन म्हणून गाव आहे, तिथल्या एका विमानं बनवणाऱ्या कंपनीत १९६७ साली हे सुरू झालं आणि कारण काय, तर सगळे एकाच वेळी गेटवर यायचे आणि ट्रॅफिक तुंबायचा. क्रिएटिव्हिटी वगैरे काही नाही, शुद्ध ट्रॅफिक. त्यांनी काय केलं की मधले काही तास सगळ्यांनी हजर असायचंच, आणि दोन्ही बाजूचे तास ज्याचे त्याने बघायचे. आता तुमच्याकडचा जो मुलगा वाकडहून हायवेने चांदणी चौकातून खाली कर्वेनगरला उतरतो त्याला विचारा, साडेआठला निघालं तर काय होतं आणि साडेदहाला निघालं तर काय होतं, आणि पाऊस असेल तर विचारूच नका. नवा पूल झाला, रस्ते वाढले, तरी हायवेचा तो पट्टा आपला आहे तसाच. त्याला १० च्या ठोक्याला हजर करून तुम्हाला मिळणार काय, तर घामाघूम झालेला, चिडलेला आणि पहिला पाऊण तास चहात घालवणारा डिझायनर. त्यामुळे येण्याची वेळ सोडून द्या, ९ ते १२ मध्ये कधीही या म्हणावं, मात्र रोज साधारण कधी येणार ते ज्याचं त्याने एकदा सांगून टाकायचं आणि महिनाभर तेच पाळायचं. रोज उठून नवीन वेळ नको, त्याने बाकीच्यांना प्लॅनिंग करता येत नाही.

आता जाण्याची वेळ. हे जरा सविस्तर सांगते कारण तुमच्या डेडलाईन का चुकतात ते इथेच आहे असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं.

संध्याकाळचे पावणेसात वाजलेत असं समजा. आर्ट डायरेक्टर, म्हणजे छोट्या स्टुडिओत बऱ्याचदा मालकच, दीडला आलेला असतो, मग फोन, मग एक क्लायंट मीटिंग, आणि आत्ता कुठे मोकळा होऊन तो ज्युनिअरच्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो. ती बिचारी सकाळी साडेदहाला आलेली, मसाल्याच्या पाकिटाचे चार ऑप्शन तिने दोन वाजताच फोल्डरमध्ये टाकलेत आणि तेव्हापासून ती दुसऱ्या कामाच्या नावाखाली वाट बघत बसलीये. तो स्क्रीनकडे बघतो आणि म्हणतो, छान झालंय गं, फक्त तिसऱ्याचा फाँट पहिल्यावर लावून बघूया का, आणि मिरची जरा कमी लाल, आणि हो, मागची बाजू पण उद्या सकाळी दाखवायचीये त्यांना. बोलायला अर्धा मिनिट. काम अडीच-तीन तासांचं. तिची सॅक टेबलावर भरून ठेवलेली असते ती परत खाली जाते, घरी फोन होतो की जेवून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी ती साडेदहाऐवजी साडेबाराला येते, आणि मग तुम्ही म्हणता की बघा, सवलत दिली तर मुलं गैरफायदा घेतात.

इथे मोकळं टायमिंग कोणाचं होतं? सरांचं. ज्युनिअरचं ते ओव्हरटाईम झालं, फक्त त्याला तसं कोणी म्हणत नाही. असं मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता कोणी आमच्याकडे फ्लेक्सिबल कल्चर आहे असं म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारते, तुमच्याकडे रिव्ह्यू किती वाजता असतो. गडबडलेलं उत्तर आलं की समजायचं.

म्हणून तुम्ही फिक्स काय करायचं तर काम हातातून हातात जायच्या वेळा. तुमच्यासारख्या स्टुडिओला दिवसात दोन पुरतात. एक १२ ला, सगळे आले की, कोण काय करतंय आणि कोणाचं कोणावर अडलंय एवढंच, उभ्याउभ्या, पंधरा मिनिटं. आणि दुसरा खरा रिव्ह्यू ४ ला. चारच का, तर चारला सांगितलेले चेंजेस सातपर्यंत होतात आणि साडेसहाला सांगितलेले रात्री दहापर्यंत होतात, हिशोब इतका साधा आहे. शिवाय जेवणानंतर दोन-तीनच्या सुमारास बहुतेकांचं डोकं जड झालेलं असतं, हे शरीराच्या घड्याळाचंच आहे, नुसत्या वरणभाताला दोष देऊ नका, तर त्या वेळात फाईली लावणं, एक्सपोर्ट, प्रिंट काढून भिंतीला चिकटवणं असली कामं करायची आणि चारला सगळ्यांनी भिंतीसमोर उभं राहायचं. चारचा रिव्ह्यू चुकवायची परवानगी कोणालाही नाही, आणि यात तुम्ही पहिले. क्लायंटकडे असाल तर फोनवरून बघा, पण चारला बघा. साडेसातला स्टुडिओ बंद. बंद म्हणजे कुलूप.

बारा ते साडेचार-पाच हे तुमचे एकत्र असायचे तास झाले. बाकी सकाळ कोणाची, संध्याकाळ कोणाची, ते त्यांचं त्यांना ठरवू दे.

पण डेडलाईनला सगळे थांबतातच ना, असं तुम्ही म्हणाल. थांबतात, आणि कधीकधी थांबावंही लागतं. पण रात्री उशिरा केलेलं काम पुढच्या माणसाला किती महागात पडतं ते बघा. प्रिंटचं घ्या. फोर कलरच्या एका बाजूला छपाईच्या चार प्लेट लागतात, दर रंगाची एक, आणि प्लेट मारल्यावर फोन नंबरातला एक आकडा चुकलाय असं दिसलं की ती प्लेट परत करा, मशीनवरची तुमची पाळी गेली, प्रेसवाला तुमचं काम बाजूला ठेवून दुसऱ्याचं चढवतो आणि तुम्ही दोन दिवस मागे. गणपती ते दिवाळी या काळात तर दिवाळी अंकांची, कॅलेंडरची, मिठाईच्या बॉक्सची इतकी गर्दी असते की पेठांमधले प्रेसवाले तुमचा फोनसुद्धा घेत नाहीत. आणि अशी चूक ज्या आर्टवर्कमध्ये सापडते ते बहुतेक वेळा रात्री अकराला पाठवलेलं असतं. त्यामुळे माझा नियम, फायनल फाईल रात्री तयार झाली तरी जाणार सकाळी, आणि ज्याने बनवली नाही अशा माणसाने ती वाचल्यावर. तुमच्याकडे कोणी सकाळी ९ ला येणारं असेल तर हे काम त्या व्यक्तीला द्या, लवकर येणाऱ्यालाही मग आपल्या येण्याचा उपयोग आहे असं वाटतं.

मोशनचं गणित अजून कडक आहे. तीस सेकंदांची फिल्म, टीव्हीसाठी आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ७५० फ्रेम. थ्रीडी सीन असेल आणि एका फ्रेमच्या रेंडरला, म्हणजे कॉम्प्युटरने ते चित्र पूर्ण तयार करायला, सरासरी १० मिनिटं लागत असतील तर ७,५०० मिनिटं, म्हणजे १२५ तास. एका मशीनवर पाच दिवसांच्या वर. दहा मशीन लावली तर साडेबारा तास. आता लाइटिंग करणाऱ्याने रात्री ८ ला सीन रेंडरला सोडला तर सकाळी साडेआठला फ्रेम हातात येतात, कॉम्पवाला, म्हणजे त्या फ्रेम एकत्र जुळवणारा, चहा पिऊन कामाला लागतो. तोच सीन त्याने मूडमध्ये बसून रात्री ११ ला सोडला तर सकाळी साडेअकरा, आणि क्लायंटला ११ ची वेळ दिलेली असते. त्याचे तीन तास फ्लेक्सिबल, पुढच्या तिघांचा दिवस वाया. म्हणून थ्रीडीत येण्याची वेळ कोणी विचारत नाही पण सबमिट करायची वेळ म्हणजे दगडावरची रेघ. तुमच्याकडे थ्रीडी नसेल, तरी प्रत्येक कामात अशी एक रेघ असतेच, ती शोधून फळ्यावर लिहा.

आता मूडबद्दल. क्रिएटिव्ह माणसाला वेळेत बांधता येत नाही हे मला अजिबात पटत नाही. आर. के. लक्ष्मण यांनी १९५१ पासून कितीतरी दशकं रोज पेपरसाठी एक पॉकेट कार्टून काढलं, रोज, आणि पेपर काही मूडसाठी थांबत नाही. शेवटची वर्षं ते आपल्या पुण्यातच होते. इंग्रज कादंबरीकार ट्रॉलप पोस्ट खात्यात नोकरी करायचा, पहाटे साडेपाचला बसून समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचा आणि मग ऑफिसला जायचा. बंधनाने कला मरत नाही. मात्र मधेमधे कोणी खांद्यावर टकटक केली तर नक्की मरते. तुमच्या इलस्ट्रेटरला १० ते ७ नको म्हणजे तिला नेमकं काय नको ते नीट विचारा, बहुतेक ती म्हणेल की सकाळी तीन तास मला कोणी हाक मारू नका. ते द्या. बारापर्यंत फोन नाही, ग्रुपवर मेसेज नाही, जरा इकडे ये ना नाही. हे दिलंत तर अर्धी फ्लेक्सिबिलिटीची मागणी आपोआप गळून पडेल, माझा अनुभव आहे.

वयाचाही भाग आहे. टिल रोनेबर्ग म्हणून म्युनिकचेच एक झोपेचे अभ्यासक आहेत, त्यांच्या लोकांनी मोठ्या संख्येने माणसांच्या झोपेच्या वेळा तपासल्या, तर विशीच्या आसपास माणसाची नैसर्गिक झोप सगळ्यात उशिरा सरकलेली असते आणि मग वय वाढेल तशी लवकर येत जाते. त्यामुळे नुकताच अभिनव कला किंवा लोणीच्या एमआयटीसारख्या डिझाईनच्या कॉलेजातून बाहेर पडलेला बावीस वर्षांचा पोरगा सकाळी साडेनऊला दगडासारखा बसलेला दिसला तर तो आळशीच आहे असं नाही. आणि चाळिशीनंतरच्या सिनिअरचं चांगलं काम बऱ्याचदा सकाळी लवकर होतं. दोघांना १० ला बसवलं तर दोघांचंही नुकसान.

मात्र (हे वाचून तुमची पोरं माझ्यावर चिडतील) नवीन आलेल्या माणसाला पहिले सहा महिने हे मोकळं टायमिंग देऊ नका. त्याला ज्या सिनिअरखाली ठेवलंय त्याच्याच वेळेला त्याने यायचं. लेआऊट ही गोष्ट शेजारी बसून शिकायची असते, मार्जिन का सोडलं, हा फाँट का काढून टाकला, क्लायंटला फोनवर नाही कसं म्हणायचं, हे कुठल्या ट्युटोरियलमध्ये नाही. तसंच क्लायंट सर्व्हिसिंगचं, ज्याच्याकडे क्लायंटचा फोन येतो तो १० ला जागेवर पाहिजे, त्याच्या कामाचं स्वरूपच ते आहे. त्याला वाईट वाटेल, तर त्याची संध्याकाळ सहाला सोडा.

क्लायंटवरूनच सगळं बिघडतं हेही खरं. तुमचे क्लायंट भोसरीकडचे कारखानदार असतील तर गुरुवारी त्यांची सुट्टी आणि रविवारी कंपनी चालू, म्हणजे रविवारी सकाळी ब्रोशरचं काय झालं हा फोन ठरलेला. मुंबईची एजन्सी असेल तर रात्री आठला फोन, की उद्या सकाळी दहाला पाहिजे. परदेशातलं काम असेल तर न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात, कॅलिफोर्नियाचे ९ म्हणजे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. यावर उपाय एकच, कोटेशनमध्येच लिहायचं की ५ नंतर आलेला फीडबॅक दुसऱ्या दिवसाचा धरला जाईल. पहिल्यांदा सगळे कुरकुर करतात, मग सवय होते, आणि गंमत म्हणजे फीडबॅक साडेचारला यायला लागतो. खरंच तातडीचं असेल तर रश चार्ज लावा आणि त्यातला वाटा थांबणाऱ्याच्या हातात द्या, पिझ्झा मागवून विषय संपवू नका. रात्रीचा कॉल घ्यावाच लागत असेल तर आलटूनपालटून एकाने, आणि दुसऱ्या दिवशी त्याने बाराच्या मीटिंगला नाही आलं तरी चालेल. गुरुवार मात्र शांत असतो, भोसरीवाल्यांचा फोन नाही, तर तो दिवस आख्खा बिनमीटिंगचा करून टाका. आमच्याकडे गुरुवारी वीज जायची भीती असायची म्हणून सगळे स्केचिंग करायचे, आणि चांगल्या आयडिया त्याच दिवशी निघायच्या, असो.

कायद्याचं एक सांगते कारण छोट्या स्टुडिओवाल्यांच्या हे गावीच नसतं. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे, त्यात दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर अर्धा तास सुट्टी, आणि जास्तीच्या वेळेला दुप्पट दर असं होतं. २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ९ चे १० तास करायला आणि दहाऐवजी वीस कामगारांची अट ठेवायला मंजुरी दिली, तेव्हा आज तुम्हाला नक्की काय लागू होतं ते तुमच्या लेबर कन्सल्टंटकडून लेखी घ्या. आणि बायकांच्या बाबतीत रात्री साडेनऊ ही रेषा त्या कायद्यात स्पष्ट आहे, त्यानंतर काम हवं असेल तर तिची संमती, सुरक्षितता आणि घरी सोडायची सोय, सगळं लागतं. कायदा सोडा हो, रात्री दहाला कर्वे रोडवर रिक्षा शोधत उभं राहायला लावणं बरोबर नाही, तेवढ्यासाठीसुद्धा साडेसातचं कुलूप पाहिजे. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर फोन-मेल न बघण्याच्या हक्काचा कायदा २०१७ पासून आहे, आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी तसं खाजगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा काही झाला नाही. तुमच्या स्टुडिओत तो नियम करायला मात्र संसदेची गरज नाही.

आणि पुण्यात जाण्याची वेळ जास्त महत्त्वाची का, तर इथली निम्मी क्रिएटिव्ह पोरं संध्याकाळी दुसरं काहीतरी करत असतात. कोणाची साडेसातला तालीम असते, कोणी पुरुषोत्तम करंडक स्पर्धेच्या दिवसांत आपल्या जुन्या कॉलेजची एकांकिका बसवायला जातं, कोणी गाणं शिकतंय, कोणी ढोलपथकात. डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव सुरू झाला की दुपारीच दोघं गायब. मला विचाराल तर हाच तुमचा कच्चा माल आहे, ज्या कॉपीरायटरला रोज तालमीत संवाद ऐकायला मिळतात त्याच्या ओळी कानाला वेगळ्या लागतात. तुम्ही त्याला १० ला यायला लावलंत तर तो एकवेळ येईल. पण त्याची साडेसातची तालीम आठवड्यातून दोनदा बुडाली ना, तर तो राजीनामाच देईल. चांगली पोरं सोडून जातील का या तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

गैरफायदा घेणारा एखादा असतोच. त्याला कसं ओळखायचं, तर घड्याळ बघून नाही. चारच्या रिव्ह्यूला तीनदा रिकाम्या हाताने आला तर बोलावून घ्या, दोन महिने त्याचं टायमिंग १० ते ७ करा, आणि हे त्याला एकट्याला सांगा, ग्रुपवर नको. सगळ्यांसाठी एक नियम करून एकाला शिक्षा द्यायची ही जी आपल्याकडची पद्धत आहे ना, मशीन बसवायची आयडिया त्यातूनच येते.

राहिला शनिवार. पहिला-तिसरा चालू ठेवायचाच असेल तर १० ते २ ठेवा आणि त्यात क्लायंटचं काम घेऊ नका. फाईली आवरणं, बॅकअप, फाँटची लायसन्स तपासणं, जुनी आर्टवर्क शोधता येतील अशी नावं देणं, ज्याने नवीन काही शिकलंय त्याने अर्धा तास बाकीच्यांना दाखवणं, एवढंच. दोनला सगळे बाहेर. एखादा क्लायंट शनिवारीही फोन करेलच, त्याला सोमवार सांगा.